बीएस-६ डिझेल पिकअपच्या केबिनमधला आवाज : दोन वर्षांचा अनुभव आणि नाशकात करून घेतलेलं काम

मागच्या डिसेंबरात वाशी मार्केटला माल उतरवून परत येत होतो, शेजारी वडील बसलेले, आणि समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यात शिरलो तसं ते माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. परत बोलले, तरी नाही. जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे तो आणि मुंबईकडून येताना चढ लागतो, म्हणजे इंजिन ताणात, आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत केबिनमधे. शेवटी त्यांनी हाताने बाहेर दाखवलं. बोगदा संपल्यावर गाडी बाजूला घेतली तर त्यांच्या बाजूची ताडपत्रीची दोरी सुटून ताडपत्रीचं टोक मागच्या चाकापासून वीतभर लांब लोंबत होतं. शेजारी बसलेला माणूस ओरडून सांगतोय आणि ते मला कळत नाही, हे मला फार लागलं. घरी येईपर्यंत ठरवलं की या आवाजाचं आता काहीतरी करायचंच.

गाडी २०२३ च्या दिवाळीला घेतली, बोनेटवाली, चार सिलिंडर टर्बो डिझेल, आजपर्यंत ७१ हजार किलोमीटर झालीय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या वजनाच्या गाड्यांत थोड्याफार फरकाने हेच आहे, पत्रा उघडा, खाली पातळ रबरी मॅट, दारात आतून नुसती प्लास्टिकची पट्टी. माल मी दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातून भरतो, द्राक्षाच्या सीझनला द्राक्ष, एरवी टोमॅटोचे कॅरेट आणि भाजीपाला. वाशीची खेप जाऊन येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास मी त्या केबिनमधे असतो आणि रात्री झोपायला पडलो की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. वडिलांनी आयुष्यभर गाडीच चालवली, त्यांना खिडकीकडच्या कानाने आता कमी ऐकू येतं. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसत्या आरामाचा नाही.

आधी इंजिनाला न्याय देतो. नवीन इंजिन बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणारं, ते वडिलांच्या जुन्या पिकअपपेक्षा खरंच शांत आहे. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, त्यांची सगळी नोकरी सातपूरला बॉशमधे गेली, ते अजून मायकोच म्हणतात, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्यांनी मला एकदा ओट्यावर बसून नीट समजावलं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं, पण पेटायला किंचित वेळ लागतो, आणि तेवढ्यात जे डिझेल आत साचतं ते एकदम भडकतं, तोच तो टक-टक-टक आवाज. जुन्या पंपात एकच फवारा जायचा. आताच्या कॉमन रेलमधे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं त्या पद्धतीत, कॉम्प्युटर आधी थेंबभर डिझेल सोडतो, त्याने आत आग तयार होते आणि मग मोठा फवारा येतो, त्यामुळे दणका बसत नाही. थंड इंजिनात पेटायला जास्त वेळ लागतो म्हणून सकाळी आवाज जास्त. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ च्या आसपास येतो तेव्हा पहाटे चारला सेल्फ मारला की पहिली दोन-तीन मिनिटं गाडी खडखडते, ते नॉर्मल आहे, घाबरून मेकॅनिककडे पळू नका आणि लगेच रेसही देऊ नका.

म्हणजे गाडीच्या बाहेर उभं राहिलं तर आवाज कमी झालाय हे कुणीही सांगेल. मग आत एवढा का? हाच प्रश्न घेऊन मी जानेवारीत तीन ठिकाणी फिरलो.

पहिल्या ठिकाणी, कार अॅक्सेसरीजचं मोठं दुकान आहे, त्यांनी गाडी बघितलीसुद्धा नाही, काउंटरवरूनच सांगितलं पूर्ण केबिन डॅम्पिंग, म्हणजे आतल्या पत्र्याला आवाज दाबणाऱ्या शीट चिकटवायचे, २२ हजार, दोन तासात देतो. दुसऱ्याने काळ्या डांबरी शीट दाखवल्या, स्वस्त होत्या, पण त्या इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला लावल्या तर एप्रिल-मे मधे आपल्याकडे जे ऊन पडतं त्यात मऊ पडून वास मारतात, हे मी एका मित्राच्या गाडीत स्वतः अनुभवलंय. तिसरं ठिकाण पाथर्डी फाट्याकडचं छोटं गॅरेज, एक वयस्कर मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या. हा सगळा रिव्ह्यू खरं तर त्यांच्या कामाचा आहे. नाव-पत्ता देत नाही, त्यांना जाहिरात नको आहे, आत्ताच आठवड्याचं वेटिंग असतं.

मिस्त्री म्हणाले गाडी अंधार पडल्यावर आणा. मला कळेना रात्री कशाला. गेलो. त्यांनी मला केबिनमधे बसवलं, काचा वर, आतले दिवे बंद, आणि म्हणाले भाऊ पायाशी वाका आणि पेडलच्या मागे बघत रहा. मग बोनेट उघडून त्यांनी मोठी बॅटरी, म्हणजे टॉर्च, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर फिरवली. मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे, क्लच पेडलच्या वर चण्याएवढा उजेडाचा ठिपका, स्टीअरिंगचा दांडा खाली जातो तिथे नखाएवढी चंद्रकोर, आणि डाव्या कोपऱ्यात एक चांगलं बोट जाईल एवढं भोक, आरपार. इंजिन आणि माझे पाय यांच्यामधे तिथे काहीच नव्हतं. ते भोक कंपनीचं नव्हतं. दीड वर्षापूर्वी एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या सांगण्यावरून जीपीएस बसवलं होतं, त्या फिटरने वायर आत घ्यायला पत्र्याला ड्रिल मारलं आणि रबर न घालता वायर तशीच ओढून घेतली. पत्र्याच्या धारेला वायरचं कव्हर अर्धं कापलं गेलेलं होतं. आवाज सोडा, एखाद दिवशी शॉर्ट होऊन गाडी पेटली असती. काम करणाऱ्याने वीस रुपयांचं रबर वाचवलं आणि मी दीड वर्ष त्या भोकासमोर बसून गाडी चालवली, याचा मला अजून राग येतो.

मिस्त्रींचं म्हणणं असं की आवाज पाण्यासारखा असतो, भिंत कितीही जाड करा, फट ठेवली की तिथून येणारच, म्हणून आधी भोकं, मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, आणि शीट सगळ्यात शेवटी. माझं २२ हजार शेवटच्या कामावर गेलं असतं आणि बॅटरीचा उजेड तसाच दिसत राहिला असता.

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, पुतण्या अॅक्सिलरेटर हळूहळू वाढवतोय आणि मिस्त्री तळहात पत्र्यावर ठेवून फिरतायत, जिथे पत्रा थरथरतो तिथे खडूने गोल. सगळ्यात मोठा गोल पाठीमागच्या पत्र्यावर निघाला, सीटच्या मागे, जो मी कधी मनातही आणला नव्हता. तो पत्रा ढोलासारखा वाजत होता. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन दणके बसतात, म्हणजे २००० आरपीएमला सेकंदाला ६६-६७, आणि हा जो जाडा घूं आवाज असतो तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. फोमने हा थांबत नाही, पत्र्याला वजन द्यावं लागतं.

दोन दिवस गाडी ठेवली. काय काय केलं ते सांगतो. तीनही भोकांना रबर, त्यातलं स्टीअरिंगच्या दांड्याचं तयार मिळेना म्हणून अंबडमधल्या एका रबर मोल्डिंगवाल्याकडून मापाने करून आणलं. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटलेला होता तो नवीन. इंजिनाचं डाव्या बाजूचं फाउंडेशन दाबलं गेलेलं, रबर कडक होऊन तडे गेलेले, दोन्ही बदलली. एवढं झाल्यावर मिस्त्री म्हणाले आता एक फेरी मारून या, शीट नंतर बघू. गरवारे पॉईंटपासून विल्होळीपर्यंत गेलो आणि आलो. अर्ध्याच्या वर फरक तिथेच पडला होता, स्टीअरिंगची थरथर तर जवळजवळ गेलीच.

त्यानंतर शीट. जुन्या मॅट काढल्या तर खालचा नमदा ओला, गेल्या पावसाळ्याचं पाणी आणि पत्र्याला गंजाचे ठिपके. ते घासून, प्राइमर मारून, वाळवून, थिनरने पुसून मग अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची २ एमएमची शीट, पूर्ण पत्र्याला नाही, फक्त खडूच्या गोलांच्या जागी आणि पायाखाली. छोट्या लोखंडी रोलरने पुतण्या एकेक शीट दाबत होता, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत, कारण खाली हवा राहिली की उपयोग शून्य. वरून नवीन नमदा, त्यावर जाड मॅट. बोनेटच्या आतून काही लावायचं का विचारलं तर साफ नाही म्हणाले, गाडीसाठी बनवलेलं आग न धरणारं लाइनर मिळालं तरच लावा, साधा गादीचा फोम टर्बोच्या वर चिकटवून गाड्या पेटल्याचं त्यांनी बघितलंय. हे मी मुद्दाम लिहितोय कारण मोबाईलवर असले व्हिडिओ खूप फिरतायत आणि आपली पोरं बघून करायला जातात.

आकडे हवेत त्यांना, मोबाईलच्या अॅपवरचे आहेत, अॅप काही प्रयोगशाळा नाही पण फोन तोच, जागा तीच, म्हणून फरक धरता येतो. उभ्या गाडीत आधी ६२ डेसिबल, आता ५७. हायवेला ६० च्या स्पीडला आधी ७६, आता ७१-७२. कसारा घाटात तिसऱ्या गिअरमधे भरलेली गाडी, आधी ८६-८७, आता ८१-८२. ज्याला हे पाच आकडे थोडे वाटतील त्याने लक्षात घ्यावं की डेसिबलचा हिशोब सरळ नसतो, १० ने कमी झालं की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. आणि ८५ मधे दिवसाला ८ तासांच्या वर राहू नये, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, असा कानाच्या काळजीचा हिशोब आहे. म्हणजे घाटातल्या ८६-८७ मधून ८१-८२ वर येणं हा माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचा पैसा वसूल आहे. खर्च सगळा मिळून ११ हजार ४००, त्यात फाउंडेशनच सगळ्यात महाग.

काय नाही गेलं तेही सांगतो. घाटात परतीचा माल भरून चढताना अचानक विमानासारखा घोंगावणारा आवाज येतो, मला आधी वाटायचं इंजिन गेलं. तो पंखा असतो. रेडिएटर तापला की पंख्याचं कपलिंग आतल्या जाड तेलाने पकडतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरायला लागतो, थंड झालं की सोडतं. तो आवाज यायलाच पाहिजे, नाही आला तर काळजी करा. दुसरं म्हणजे डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरची सफाई. काजळी साठली की गाडी स्वतःहून जास्त डिझेल टाकून फिल्टर तापवते आणि ती जाळते, तेव्हा उभ्या गाडीत इंजिनाचा वेग (आयडल) वाढतो, आवाज भरडा होतो, थोडा गरम वास येतो. मी सुरुवातीला घोटीच्या टोलवर असं झालं की बिघाड समजून गाडी बंद करायचो, चार-पाच वेळा केल्यावर लाइट लागली आणि सर्व्हिसला न्यावी लागली. आता आवाज बदलला की हायवेलाच दहा-पंधरा मिनिटं एका लयीत चालवत ठेवतो. टर्बोची बारीक शिट्टी पण आहे, उलट केबिन शांत झाल्यावर ती जास्त ऐकू येते, पण तिचा त्रास नाही. शिट्टीऐवजी फुस्स आवाज आणि ओढ कमी वाटली तर मात्र इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप तपासा, क्लिप सैल झालेली असते.

एका द्राक्ष बागायतदाराच्या टोयोटा हायलक्समधे मागच्या महिन्यात बसलो होतो, २.८ लिटरचं डिझेल, २०४ पीएस. १०० च्या स्पीडला आपण नेहमीच्या आवाजात बोलतोय आणि समोरच्याला कळतंय. दाराला रबर चांगलं जाड, इंजिनाच्या मागच्या पत्र्याला कंपनीतूनच आवरण, काचा जाड. पण ती गाडी तीस लाखाच्या आसपासची आणि आपलं भाडं कॅरेटवर मोजलं जातं, त्यामुळे तुलना करायची नाही. फक्त एवढं कळलं की डिझेल म्हणजे आवाज असणारच हे खरं नाही, आवाज अडवायला पैसा घातला तर तो अडतो. माल वाहणाऱ्या गाडीत ड्रायव्हर दिवसभर बसतो, तिथे निदान पायाशी आणि पाठीमागे दोन शीट आणि चार रबरं कंपनीने द्यायलाच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या आठवड्यात वडिलांना परत घेऊन गेलो, बोगद्यातूनच. मधेच म्हणाले, "नाना, इंडिकेटर चालूच आहे बघ." इंडिकेटरची टिकटिक मला ऐकू येत नव्हती पण त्यांचं बोलणं आलं, पहिल्याच वेळी.

दारांचं काम बाकी आहे. मिस्त्री म्हणालेत पावसाळ्याआधी आणा, दाराच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवून शीट लावायला लागते नाहीतर दार आतून सडतं, आणि घाईत ते होत नाही. दोन्ही दारांचे ३ हजार २०० सांगितलेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात नंबर आहे.