गर्भपात मनाला पटत नाही: बाळ स्वतः वाढवावं की दत्तक द्यावं?

श्रद्धेपोटी गर्भपात नाकारणाऱ्या मुंबईतल्या अविवाहित आईपुढे दोन वाटा उरतात. बाळ ठेवायचं तर कागदपत्रं सोपी: जन्म रुग्णालयच २१ दिवसांत कळवतं, दाखला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आईच्या प्रतिज्ञापत्रावर. वडिलांच्या नावाची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. खरी ओढाताण पाळणाघराची आणि भाड्याची.

दत्तक देताना मात्र घाई घात करते. नर्सिंग होममधून परस्पर ‘चांगल्या घरी’ बाळ सोपवणं गुन्हा आहे, पैसे घेतले नसले तरीही. बाळ बालकल्याण समितीसमोरच सोपवायचं. अविवाहित असल्यास एकट्या आईची सही पुरते. त्यानंतर ६० दिवस निर्णय फिरवता येतो. अनेकींना ही मुदत कुणी सांगतच नाही, आणि हे फार अन्यायाचं आहे. ती उलटली की समिती बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करू शकते.