टोकियोला गेलात तर माएकावांचं घर चुकवू नका

कोगानेई पार्कमधल्या एदो-टोकियो ओपन एअर आर्किटेक्चरल म्युझियममध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझा जीव अडकला तो वास्तुविशारद कुनिओ माएकावा यांच्या १९४२ सालच्या घरात. मूळचं टोकियोतल्याच शिनागावा भागातलं हे घर उतरवून इथे पुन्हा उभं केलंय.

माएकावा पॅरिसला आधुनिक वास्तुकलेचे प्रणेते ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली शिकलेले. तरी छप्पर मात्र अस्सल जपानी, दोन्ही बाजूंना उतरतं. युद्धामुळे बांधकाम साहित्यावर आणि घराच्या आकारावर निर्बंध होते. एवढ्याशा जागेत त्यांनी मधली बैठक दोन मजली उंच घेतली, आणि घर एकदम मोकळं झालं! दक्षिणेला वरपर्यंत काच आणि लाकडी चौकटींची जाळी. उन्हाचे चौकोन थेट जमिनीवर उतरतात. बाहेर दर्शनी बाजूला मधोमध एक गोल खांब आहे, तो बघून मला जपानमधल्या इसे इथल्या प्राचीन शिंतो देवळांचं आढं पेलणारे खांबच आठवले. परंपरा जपायची तर अशी, नक्षी न चिकटवता.

मुसाशी-कोगानेई स्टेशनवरून बस मिळते. सोमवारी सहसा बंद असतं. आत बूट काढावे लागतात, तेव्हा थंडीत जाड मोजे घाला.