पहिला रोल कशावर घालवायचा: पॅचवर फोकस की अंतराचा अंदाज?

रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा फिल्म कॅमेरा, नवीन घेतलाय, सरावाला दोन-तीनच रोल हाताशी आहेत, तर माझ्या मते खरी निवड दोनच असाइनमेंटमधली आहे. एक म्हणजे अख्खा रोल अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं ठेवून, प्रत्येक फ्रेम पॅचवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या चौकोनावर, फोकस करून. दुसरी म्हणजे पॅचकडे न बघता, नुसतं अंतर ओळखून लेन्सची फोकस रिंग त्या आकड्यावर लावायची आणि क्लिक करायचं. लाइट मीटरशिवाय एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) ओळखणं हाही मस्त सराव आहे, पण तो दुसरीत आपोआप होतो (कडक ऊन, आयएसओ ४०० ची फिल्म, अपर्चर एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद, इथपासून सुरुवात), त्यासाठी वेगळा रोल नको.

आधी पॅचवाली. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जो छोटा उजळ चौकोन असतो त्यात वस्तू दोनदा दिसते, रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणायच्या. प्रतिमा आडव्या सरकतात, म्हणून फोकसला उभी कड लागते: चष्म्याची दांडी नाही तर काचेची बाजूची कड, दाराची चौकट, शर्टाच्या बटणपट्टीची रेघ. गुळगुळीत गालावर किंवा आडव्या पट्ट्यांवर कितीही वेळ रिंग फिरवा, काही कळत नाही. आणि ५० एमएमच्या लेन्सने एफ २ वर १ मीटरवरचा चेहरा काढला तर शार्प भाग जेमतेम ५ सेंटीमीटर! डोळ्यावर फोकस केलात, मग फ्रेम बसवता बसवता नकळत थोडे पुढे झुकलात, की डोळा मऊ आणि कान शार्प. ही चूक निगेटिव्हवर लख्ख दिसते, म्हणूनच हा रोल हाताला शिस्त लावतो. पण तो सावकाश संपतो, माणसं थांबून राहणारी लागतात, आणि चालत्या माणसावर नवशिक्याचं फोकस होईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो.

अंदाजवाली मला जास्त जवळची आहे. ३५ एमएम, एफ ८, रिंग ३ मीटरवर, एवढं लावलं की साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, मग फोकसचा विचारच डोक्यातून जातो आणि नजर पूर्णपणे समोर राहते. तेच ५० एमएमवर मात्र फक्त २.३ ते ४.२, म्हणजे तुमच्याकडे ५० असेल तर हीच असाइनमेंट बरीच कडक होते, हे धरून चला. रोल घालायच्या आधी चार-पाच दिवस रिकाम्या कॅमेऱ्यावर खेळायचं: टेबलाचा कोपरा किती लांब ते मनात म्हणायचं, मग पॅच जुळवून रिंगवरचा आकडा वाचायचा. रेंजफाइंडर म्हणजे मुळात अंतर मोजायचं यंत्रच की, चूक तिथल्या तिथे कळते, फिल्म लागत नाही.

माझ्या पहिल्या अंदाजाच्या रोलमध्ये फोकस बहुतेक बरोबर होता, पण माणसं फ्रेममध्ये इवलीशी. ३ मीटर समजून मी ५ वर उभा राहत होतो, शार्प येणारा पट्टा मोठा म्हणून ते खपून गेलं आणि फोटो लांबून चोरून काढल्यासारखे दिसले, मला खूप वाईट वाटलं होतं. तेव्हापासून वहीत फ्रेम नंबरापुढे मनातलं अंतर लिहितो आणि फोटो काढून झाल्यावर पावलं मोजतो.

मग कुठली आधी? दिवसाउजेडी फिरून फोटो काढायचे असतील तर अंदाजवाली, डोळे झाकून. घरातल्या माणसांचे, संध्याकाळचे, कमी उजेडातले काढायचे असतील तर एफ ८ च्या लहान भोकातून उजेडच पुरत नाही, तिथे पॅचच. अजून एक, कॅमेरा जुना, वापरलेला घेतला असेल तर आधी रिंग अनंतावर नेऊन लांबच्या मनोऱ्याकडे किंवा चंद्राकडे बघा. प्रतिमा एकावर एक येत नसतील तर पॅचच चुकीचं सांगतोय, आधी दुरुस्ती करून घ्या, नाहीतर दोन्ही रोलमधून काहीच कळणार नाही.

आणि रोल कुठलाही असो, फिल्म पुढे घेताना रिवाइंडची घुंडी फिरतेय ना ते बघा, फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. लेन्सचं झाकणही आठवणीने काढा, व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, झाकण असलं तरी आत सगळं स्वच्छच दिसतं.