सुरमईवर लाल दिवा

मोबाइलवर जाहिरात दिसली: यंत्र मासळीवर धरा, पाच सेकंदांत ताजी की शिळी ते कळेल. किंमत २,८९९ रुपये. गेल्या वर्षी सासूबाईंना बंगडा बाधला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या. तेवढ्यावर मी पैसे भरून मोकळी झाले.

पहिल्याच रविवारी बाजारात सुरमईवर धरलं. लाल दिवा! बारा वर्षं जिच्याकडून मासे घेते त्या मावशींना चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शिळी आहे ही." त्यांनी कल्ला उचलून दाखवला, लालभडक. अंगठ्याने दाबलं, खळगा लगेच भरून आला. तरी मी रिकाम्या हाती परतले. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग घरी एकदा इडलीच्या आंबलेल्या पिठावर धरलं, लाल. मुद्दाम एक बंगडा रात्रभर ओट्यावर ठेवला. सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेववेना, आणि दिवा हिरवागार.

भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने चार स्क्रू काढले. आत गाळणीसारखी जाळी लावलेली बोटाच्या पेराएवढी डबी, वर लिहिलेलं एमक्यू-३. "मामी, हा दारूचा वास ओळखणारा सेन्सर. तपकीर गल्लीत शे-दीडशेला मिळतो." बाजारात मी हाताला सॅनिटायझर चोळूनच यंत्र काढलं होतं! समुद्री मासा नासताना सुटतात ते अमोनिया आणि ट्रायमिथाइलअमाइन. त्यासाठी सेन्सरच वेगळा लागतो. शिवाय आतला हीटर तापून आकडा स्थिरावायला वेळ लागतो, नव्या सेन्सरला तर दिवसभर. पाच सेकंद ही शुद्ध थाप. आणि बंगड्यातून सहसा बाधतं ते हिस्टामिन, मासा नीट थंड ठेवला नाही की त्यात तयार होणारं रसायन. त्याला वास नाही, ते शिजवूनही जात नाही. म्हणजे ज्यासाठी घेतलं ते चांगल्या सेन्सरनेही कळलं नसतं. कोणता वायू मोजतात हे जाहिरातीत कुठेच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

विक्रेत्याचं उत्तर: "सील फोडलंय, परत घेणार नाही." पत्ता नाही, फोन उचलत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. घेण्याआधी निदान सेन्सरचं नाव आणि विक्रेत्याचा पत्ता तरी मागा.

मावशींची माफी मागितली. हसल्या. पण तेव्हापासून सुरमईच्या भावात एक रुपया सोडत नाहीत.