ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरच्या नावाखाली शोभेचा डबा विकला, प्रीॲम्प घेणाऱ्यांनी जरा वाचा

वेगळा माईक प्रीॲम्प (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं मशीन) घ्यायच्या विचारात असाल आणि "रिअल ट्यूब, ट्रान्सफॉर्मर कपल्ड, हँडमेड, विंटेज वॉर्म्थ" असली जाहिरात (ट्यूब म्हणजे सिग्नल मोठा करणारा जुन्या पद्धतीचा काचेचा व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार) समोर आली असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचून घ्या. मला ज्यांनी टोपी घातली ते अजून विकतायत म्हणून लिहितोय.

माझ्याकडे शुअरचा एसएम७बी आहे. व्होकलला मस्त माईक, पण सिग्नल एवढा बारीक देतो की साधारण ६० डीबी (डेसिबल) गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतेच आणि हळू गाणारा माणूस असेल तर अजून जास्त, मग इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) नॉब शेवटाला नेला की मागून सूऽऽ चालू. म्हणून चांगला गेन असलेला प्रीॲम्प शोधत होतो. तेवढ्यात ही जाहिरात दिसली, "१०७३ चा ओरिजिनल ट्यूब साउंड". आता गंमत बघा, १०७३ म्हणजे नीव्ह कंपनीचं गाजलेलं प्रीॲम्प मॉड्यूल, १९७० सालचं, इनपुटला ट्रान्सफॉर्मर, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर, मध्ये क्लास ए ट्रान्झिस्टर. त्यात ट्यूब नावाची गोष्टच नाही! ज्याला १०७३ मध्ये काय असतं हेच माहीत नाही तो १०७३ चा क्लोन काय बनवणार, पण जाहिरातीत दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात एकत्र आले की वाचणाऱ्याला दुप्पट माल वाटतो. खाली ईआयएन म्हणजे नॉइजचा आकडा (जितका खाली तितकं मशीन शांत) दिलेला, उणे १३८ डीबीयू. १५० ओहमचा नुसता रेझिस्टर जरी इनपुटला लावला तरी रूम टेंपरेचरला त्याचा स्वतःचाच नॉइज २० किलोहर्ट्झच्या बँडविड्थला उणे १३१ च्या आसपास असतो, त्यामुळे १५० ओहमच्या सोर्सवर याच्या खाली जाणारा प्रीॲम्प कोणीच बनवू शकत नाही. इनपुट शॉर्ट करून मोजलं किंवा ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणारा नॉइज कमी धरणारा फिल्टर) लावलं की आकडा छान दिसतो, आणि कशावर मोजलं ते लिहायचंच नाही, झालं काम.

पण खरा खेळ डेमोत होता. विकणाऱ्याने दोन फाइल पाठवल्या, एक "साधा इंटरफेस" आणि दुसरी "आमचा प्रीॲम्प", तोच गायक, तीच ओळ. दुसरी ऐकली की छाती भरून येते, आवाज जवळ, भरीव, गोड. आपल्या कानाचा स्वभावच असा आहे की तीच गोष्ट एखाद-दोन डीबी मोठी वाजवली तर "मोठी" नाही वाटत, "चांगली" वाटते. हे ऑडिओवाल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि विकणाऱ्यांना तर जास्तच माहीत असतं.

नंतर मी त्या दोन्ही फाइल डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) ओढल्या, लेव्हल बघितली तर दुसरी जवळजवळ २ डीबी वर. ती खाली आणली, एका ट्रॅकचा फेज उलटा केला (म्हणजे लाट वरची खाली केली) आणि दोन्ही एकत्र वाजवल्या, असं केलं की दोन्हीत जे सारखं ते एकमेकांना कापतं. मधला सगळा आवाज गायब! पार मागच्या हिससकट (तोच सूऽऽ आवाज). उरली फक्त खालची गुरगुर आणि वरची थोडी चरचर. प्रत्येक सर्किट स्वतःची हिस घालतं, दोन वेगळ्या प्रीॲम्पची हिस अशी एकमेकांना कापत नाही. म्हणजे रेकॉर्डिंग एकच, त्यालाच इक्यूने (टोन कमीजास्त करायचं टूल) लो आणि हाय उचलून, लेव्हल वाढवून "आमचा प्रीॲम्प" म्हणून पाठवलेलं. दोन्हीत एकाच जागी खुर्ची कुरकुरते तेही तेव्हा लक्षात आलं.

पार्सल आलं तेव्हा दिसायला एकदम भारी. जाड पुढची पट्टी, काचेच्या खिडकीत ट्यूब, नारिंगी उजेड. लावला आणि बारीक हम. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर, "सर ट्यूबला बर्न-इन लागतो, महिनाभर रोज चालू ठेवा मग बघा आवाज कसा खुलतो." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण परत करायची मुदत त्या महिन्याच्या आत संपते. बर्न-इन ट्यूबचा नाही, गिऱ्हाइकाचा चाललेला असतो.

मला खटकलं ते वेगळंच. तासभर चालू ठेवून खिडकीवर हात ठेवला तर काच गार. १२एएक्स७ ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्टवर ३०० मिलीॲम्प लागतात, ती गरम झालीच पाहिजे, गार ट्यूब म्हणजे बंद ट्यूब. मग मल्टीमीटर काढला. फँटम (माईकच्या वायरीतूनच माईकला जाणारा ४८ व्होल्टचा सप्लाय) चालू करून माईकच्या सॉकेटला पिन १ आणि २ मध्ये मोजलं, ४८ च्या जागी ३३ व्होल्ट. स्टँडर्डमध्ये ४ व्होल्ट इकडेतिकडे चालतात, १५ नाही. त्यानंतर फँटम बंद, वायर भिंतीतून काढून, थोडं थांबून पिन २ आणि ३ मध्ये रेझिस्टन्स मोजला. इनपुटला खरा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची वाइंडिंग थेट या दोन पिनांवर असते, त्यामुळे मीटर सहसा काही दहा ओहम दाखवतो. माझ्या मीटरवर आलं १३.६ किलोओहम. हा आकडा ओळखीचा आहे, फँटमचे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, बाकी मध्ये काही नाही. (काही डिझाइनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या आधी कपॅसिटर किंवा पॅड (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) असतो, तेव्हा एवढ्यावरूनच फाशी देऊ नका, पण विचारायला मात्र सुरू करा.)

मग झाकण उघडलं. इथे एक सांगतो, खऱ्या ट्यूबच्या मशीनमध्ये २०० ते ३०० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात, ज्यांना यातलं कळत नाही त्यांनी माहितगार माणसाकडूनच उघडून घ्या. माझ्यात तसलं काही नव्हतंच म्हणा. ट्यूबच्या सॉकेटखाली नारिंगी एलईडी, सॉकेटला एकही वायर नाही. बंद करून ट्यूब काढून बाजूला ठेवली, परत चालू केलं, आवाज तस्साच. ट्रान्सफॉर्मरचे दोन चकचकीत डबे बोर्डवर गोंदाने चिकटवलेले, एक हलवला तर हातात आला, आतून पोकळ. सगळं काम कोपऱ्यातली एक आठ पायांची चिप करत होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

चिपवर माझा राग नाही, हे आवर्जून लिहितो. चांगली माईक प्रीॲम्पची चिप असेल, पॉवर सप्लाय नीट असेल तर ती इतकी स्वच्छ आणि शांत चालते की बऱ्याच लोकांना वेगळा प्रीॲम्प लागतच नाही, हल्लीच्या इंटरफेसमध्ये तेच असतं आणि त्यावर उत्तम रेकॉर्डिंग होतात. माझ्या एसएम७बी ला तर इंटरफेसच्या आधी २०-२५ डीबीचा छोटा इनलाइन बूस्टर (माईकच्या वायरीत मध्ये लावायचा) लावून भागलं, आता तेच वापरतोय. चिप म्हणून चिपच्या भावात विकली असती तर हरकत नव्हती, यांनी लोखंड आणि तांब्याचे पैसे घेऊन पत्र्याचा डबा दिला. चांगल्या ट्रान्सफॉर्मरचाच तर खर्च असतो अशा मशीनमध्ये.

फोटो पाठवले तर विकणारा म्हणे "तुम्ही स्क्रूवरचं सील तोडलंत सर, आता वॉरंटी गेली". पैसे थेट ट्रान्सफर केले तर सूट असं त्यानेच सांगितलेलं, त्यामुळे वेबसाइटने हात वर केले. बँकेकडे तक्रार टाकलीये, बघू.

कोणाकडूनही घेताना आतला फोटो मागा, ट्रान्सफॉर्मरवरचं नाव आणि त्याच्या वायर बोर्डात जाताना दिसतील असा. आणि पिन २-३ वर मीटर लावलेला छोटा व्हिडिओ. नंतर मी एका जुन्या प्रीॲम्पसाठी दुसऱ्याच एकाला हेच विचारलं, त्याने संध्याकाळपर्यंत दोन्ही पाठवलं, वर वजनकाट्यावर ठेवून वजनही दाखवलं. ह्या महाशयांना मित्राच्या अकाउंटवरून तोच प्रश्न टाकला, "नक्की देतो सर" म्हणाला, परत तीच दोन फाइल पाठवली, खुर्चीसकट, आणि मीटरची आठवण केली तर ब्लॉक.