चंपीला कुठं द्यायचं: नंदनवनचं अंगण की मनीषनगरचा फ्लॅट?

शेल्टरमधली कुत्री चंपी, गाडीखाली आल्यापासून मागचे दोन्ही पाय लुळे पडलेत, तिच्यासाठी दोन घरं तयार आहेत. नंदनवनच्या काकांकडे खालचंच घर, मोठं अंगण, जिना नाही, त्यामुळे सगळे म्हणून राहिले तिथेच द्या. पण अंगण सिमेंटचं आहे ना बाप्पा! मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो अन् ही घासत चालते, मागच्या भागाला संवेदनाच नाही तर चटका बसलेला तिला कळणारही नाही, जखम चिघळेल तेव्हाच दिसेल.

मनीषनगरला तिसरा मजला, पण लिफ्ट आहे. सेक्रेटरी कुरकुर करतात, करू द्या, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सप्रमाणे पाळीव कुत्र्याला लिफ्टमध्ये मनाई करता येत नाही. टाइल्स गुळगुळीत आहेत, त्यावर योगा मॅट टाकल्या की झालं.

खरा प्रश्न लघवीचा. चंपीला स्वतःहून होत नाही, दोन्ही हातांनी पोट हळू दाबून दिवसातून तीन-चारदा काढावी लागते, आत राहिली की इन्फेक्शन. काका दिवसभर दुकानात अन् काकूंचं मनगट दुखतं. फ्लॅटवाली ताई घरूनच काम करते, शेल्टरला येऊन शिकून गेली, आधी घाबरली, मग बरोबर जागा सापडली तिला, अन् कूस कशी बदलायची, पडून राहून जखमा झाल्यात का ते कसं पाहायचं, हे तिनेच विचारलं.

म्हणून माझं मत फ्लॅट. काका व्हीलचेअरचे पैसे द्यायला तयार होते, तरीही देतील का ते विचारून सांगते.