‘एक्झोसोम’ म्हणून चेहऱ्यात काय टोचलं, ते वाचा

ठाण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले तेव्हा माझा प्रश्न सरळ होता. चेहरा कोरडा, निस्तेज झालाय, मुरुमांचे बारीक खड्डे आहेत. पीआरपी घ्यावं की स्किन बूस्टर? पीआरपीत आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग परत टोचतात. बूस्टरमध्ये हायलुरॉनिक ॲसिड असतं, ते त्वचेत पाणी धरून ठेवतं आणि काही महिन्यांत विरतं.

काउन्सेलर बाईंनी दोन्ही मोडीत काढलं. “पीआरपी जुनं झालं, बूस्टर टिकत नाही. मॅडम, एक्झोसोम घ्या, कोरियात सगळे हेच घेतात.” एक्झोसोम म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या. पंचेचाळीस हजारांचं पॅकेज, आजच भरलं तर सूट. कोरियात हे सौंदर्यप्रसाधन म्हणून, वरून लावायलाच विकतात, टोचायला नाही, हे त्यांनी दडवलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, तर डिसेंबर २०१९ मध्येच एक्झोसोमबद्दल लोकांना सावध केलं होतं.

सिरिंज आतल्या खोलीतून भरूनच आली. टोचणाऱ्या बाईंना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत होते. नोंदणी क्रमांक कुठेच लावलेला नव्हता.

पुढे गालांवर कडक गाठी आल्या, लाली हटेना. क्लिनिकचं उत्तर, “हीलिंग चाललंय, बर्फ लावा.” मी बाटली बघितल्याशिवाय हलणार नाही म्हटल्यावर ती आणली. लेबलवर ‘कॉस्मेटिक’, ‘फक्त बाह्य वापरासाठी’. आयातदाराचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. फोटो तिथेच काढला.

नंतर ज्या चर्मरोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांचं बोलणं ऐकून पोटात गोळा आला. हायलुरॉनिक ॲसिडची गाठ असती तर हायलुरोनिडेजचं इंजेक्शन देऊन विरघळवता आली असती. इथे आत काय गेलंय तेच कळत नाही, मग विरघळवायचं काय? वरून लावायच्या द्रवातले सुगंध, प्रिझर्वेटिव्ह आत गेले की शरीर त्यांना परकं समजून भोवती गाठ धरू शकतं. उपचार अजून चालू आहेत.

सगळ्यात संताप येतो तो बिलाचा. त्यावर फक्त ‘फेशियल पॅकेज’ लिहिलंय. इंजेक्शन दिल्याचा कागदोपत्री पुरावाच नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंदवली आहे. दोन्हीकडे माझ्या हातात आहे तो बाटलीचा फोटो. तुम्ही कुठेही सुई घेणार असाल तर सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बिलावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक लिहून घ्या. नकार मिळाला तर तिथूनच उठा.